वामनवृक्षाचे खतपाणी

उद्यानप्रदर्शनातील वामनवृक्षांच्या मांडणीपुढे घटकाभर उभे राहिल्यास एक प्रश्न हमखास कानी पडतो. हातभर उंचीचा वड, त्याचा राकट बुंधा, मातीला टेकलेल्या त्याच्या पारंब्या हे सारे कौतुकाने न्याहाळून झाले म्हणजे पाहणाऱ्यांपैकी कोणी तरी विचारतो, “याला खायला देत नसतील, म्हणूनच हा एवढासा राहिला, नाही का हो?” मांडणीजवळ उभा असलेला गृहस्थ पुष्कळदा नुसती मान डोलावतो, क्वचित तोही या म्हणण्यास दुजोरा देतो. झाड लहान राखावयाचे असेल तर त्यास अर्धपोटी ठेवले पाहिजे, ही समजूत फार दूरवर पसरलेली आहे, आणि झाडांच्या दृष्टीने ती तितकीच घातक आहे. तिच्यापायी पुष्कळ चांगली झाडे दोनतीन वर्षांत हळूहळू वठतात. ती वठली म्हणजे दोष हवेला दिला जातो, पाण्याला दिला जातो, नाही तर मालकाच्या हातगुणाला दिला जातो. खताचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही.

या समजुतीला एक नैतिक बाजूही आहे. बोन्साय, म्हणजे उथळ पात्रात लावून घडविलेला वृक्ष, ही कला चीनमध्ये उगम पावली आणि जपानात तिला आजचे रूप आले. ती झाडांचा छळ करते, असा आरोप आपल्याकडे वारंवार केला जातो. उपासमार हेच जर या कलेचे साधन असते, तर त्या आरोपास उत्तर देणे कठीण झाले असते. परंतु वस्तुस्थिती तशी नाही, आणि जो मनुष्य आपल्या कुंडीतील झाडाला जाणूनबुजून उपाशी ठेवतो, तो या कलेचा एक नियम पाळीत नसून मोडीत असतो.

वामनवृक्षाची जात निराळी नसते. कुंडीतल्या चिंचेला धरलेल्या चिंचेचे बी भुईत रुजले, तर त्यातून गावच्या वेशीवर शोभेल असा पूर्ण उंचीचा वृक्ष होतो. खुजेपण येते ते दोन कारणांनी. कुंडी मुळांच्या पसरण्यास मर्यादा घालते, आणि कात्री शेंड्यांच्या वाढीस. शेंडा छाटला म्हणजे खालचे सुप्त डोळे जागे होतात. एका फांदीच्या दोन होतात, दोहोंच्या चार होतात. फांद्यांची विभागणी अशी वाढत गेली म्हणजे प्रत्येक डोळ्याच्या वाट्यास येणारा पुरवठा घटतो आणि पाने आपोआप लहान निघू लागतात. या सर्व व्यवहारात एक अट गृहीत धरलेली असते, ती अशी की, छाटलेल्या झाडाच्या अंगी पुन्हा फुटण्याइतका साठा असला पाहिजे. धष्टपुष्ट झाड छाटले तर ते दाट होते. उपाशी झाड छाटले तर ते एखादी किरटी फूट काढते, किंवा ती फांदी शेंड्याकडून वाळत येते. म्हणजे ज्या क्रियेने झाड खरोखर लहान आणि सुंदर होते, ती क्रियाच उपासमारीने अशक्य होऊन बसते.

खत आणि अन्न या दोन शब्दांची येथे गल्लत होते, ती दूर करण्यास कुंडीतल्याच एका जुन्या झाडाची कथा उपयोगी पडेल. आजच्या बेल्जियममधील यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्माँट याने भट्टीत वाळविलेली २०० पौंड माती एका मोठ्या पात्रात भरून तीत ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले. पाच वर्षे त्याला त्याने पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी तेवढे घातले. पाच वर्षांनंतर झाडाचे वजन १६९ पौंड आणि वर काही औंस भरले. माती पुन्हा वाळवून तोलली, तेव्हा ती सुमारे दोन औंसच घटली होती. व्हॅन हेल्माँटच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात हा वृत्तान्त आला. त्यावरून त्याने असे अनुमान काढले की, सारे झाड पाण्याचे बनलेले आहे. हवेतील कर्बवायूचा त्याला पत्ता नसल्याने ते अनुमान चुकले. पण त्याने जी तफावत उपेक्षिली, ते दोन औंस, म्हणजे अवघे ५७ ग्रॅम, याच लेखाचा खरा विषय आहेत. झाडाचे अन्न पानांत सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने तयार होते. मातीतून येतो तो या स्वयंपाकाला लागणारा मीठमसाला. तो तोळामासाच लागतो, परंतु त्यावाचून चूल पेटत नाही.

त्या दोन औंसांचा अर्थ लागावयास सुमारे दोनशे वर्षे गेली. वनस्पतीस खनिज द्रव्ये लागतात आणि त्यांपैकी जे सर्वांत अपुरे असेल त्याच्यावर वाढ अडते, हा नियम कार्ल श्प्रेंगल या जर्मन शास्त्रज्ञाने प्रथम मांडला आणि यूस्टुस फोन लीबिख याने १८४० च्या आपल्या ग्रंथानंतर त्याचा सर्वत्र प्रसार केला. पुढे १८६० च्या सुमारास झाक्स आणि क्नोप यांनी मातीचा कण नसलेल्या, केवळ क्षार विरघळविलेल्या पाण्यात रोपे वाढवून दाखविली. मूळ जे शोषते ते नायट्रेट, अमोनियम, फॉस्फेट, पोटॅशियम इत्यादींचे विद्युत्भारित कण असतात. तो कण शेणातून आला, पेंडीतून आला की कारखान्यातून आला, हे मुळाला कळत नाही.

भुईतल्या झाडास यांतले बरेचसे आपले आपण मिळते. त्याची मुळे दूरवर जातात, आणि त्याची पिकली पाने त्याच्याच पायाशी कुजून मातीत मिळतात. कुंडीतल्या वडाचे मूळ चार बोटांवर चिनीमातीच्या भिंतीला जाऊन थडकते. त्याचे गळलेले पान मालक टापटिपीसाठी रोज वेचून टाकतो. शिवाय त्याला दररोज, आणि उन्हाळ्यात दिवसातून दोनदा, पाणी घालावे लागते व ते तळच्या भोकातून वाहून जाते. मातीचे सूक्ष्म कण ऋण विद्युत्भार बाळगून असतात, म्हणून धन भाराचे पोटॅशियम आणि अमोनियम ते काही काळ धरून ठेवतात. नायट्रेट हा स्वतःच ऋण भाराचा, त्यामुळे तो पाण्याबरोबर सरळ निघून जातो. भरड वाळू आणि विटांचा चुरा यांची तर धरून ठेवण्याची शक्ती मुळातच अल्प असते. तेव्हा कुंडीतल्या झाडाला भुईतल्या झाडापेक्षा खताची गरज कमी, हे म्हणणे उलटे आहे. ज्याला स्वतः हिंडून मिळविता येत नाही, त्याला दुसऱ्याने वेळेवर भरविलेच पाहिजे.

वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात जपानी श्वेत पाइनचा एक वामनवृक्ष आहे. तो १६२५ पासून कुंडीत घडविला जात असल्याचे त्याच्या नोंदीवर लिहिलेले आहे. हिरोशिमा येथील यामाकी कुटुंबाच्या पाच-सहा पिढ्यांनी त्याचा सांभाळ केला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला त्या वेळी स्फोटाच्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर, बागेच्या भिंतीआड तो उभा होता आणि बचावला. मासारु यामाकी यांनी १९७६ मध्ये तो अमेरिकेस भेट दिला. त्याचा हा इतिहास तेथील लोकांना कळला तो २००१ मध्ये, यामाकींचे नातू त्यास पाहावयास गेले तेव्हा. अणुबाँबाची हकीगत बाजूस ठेवली तरी येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, उथळ पात्रात चारशे वर्षांच्या आसपास जगलेले हे झाड आहे. कोणताही जीव चारशे वर्षे अर्धपोटी राहून जगत नाही. त्याच्या मुळाशी पिढ्यान्‌पिढ्या कोणी तरी नियमाने खत घातले असले पाहिजे.

मग उपासमारीची समजूत निघाली कोठून? ती निव्वळ मूर्खपणातून निघाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्या मुळाशी एक अर्धे पाहिलेले सत्य आहे, आणि ते समजण्यास जपानातील काळ्या पाइनची रीत पाहिली पाहिजे. १९२३ च्या महाभूकंपानंतर तोकियोतील वामनवृक्षांचे व्यावसायिक माळी शहर सोडून ओमिया येथे गेले आणि १९२५ मध्ये तेथे त्यांची वसाहत उभी राहिली. या धंद्याची ती आजही पंढरी मानली जाते. तेथील परंपरेत मोहरीच्या जातीच्या बियांची पेंड, तीत बहुधा हाडांचा चुरा मिसळून, लाडूसारखी वळून कुंडीतल्या मातीवर ठेवतात. काळ्या पाइनला वसंत ऋतू लागताच हे लाडू मुबलक दिले जातात. झाडाच्या टोकांवर मेणबत्तीच्या आकाराच्या नव्या फुटी उभ्या राहतात. आणि उन्हाळा सुरू झाला म्हणजे माळी त्या सगळ्या फुटी बुडापासून कापून टाकतो! त्याच वेळी खताचे लाडूही उचलून घेतो. झाड आपल्या साठ्यातून दुसऱ्यांदा फुटते. उरलेला हंगाम थोडा, खत बंद, म्हणून या दुसऱ्या फुटीच्या सुया आखूड निघतात. त्या निबर झाल्या की शरद ऋतूत पुन्हा खत सुरू होते.

या सर्व रीतीत खताविना जातात ते थोडे आठवडे. परंतु ज्याने कुंडी नेमकी त्याच आठवड्यांत पाहिली, त्याच्या मनावर ठसा उमटणार तो रिकाम्या मातीचा. त्याआधीचे चार महिन्यांचे जेवण त्याच्या दृष्टीस पडलेले नसते. पानझडी मेपलच्या पूर्ण घडलेल्या झाडासही वसंतातली पहिली पाने निबर होईपर्यंत खत देत नाहीत, कारण त्या वेळी दिले तर पेरे लांबतात आणि वर्षांच्या मेहनतीने आणलेला नाजूकपणा बिघडतो. हाही संयम ठराविक वयाच्या झाडाला, ठराविक काळापुरता आहे. ज्या रोपाचा बुंधा अजून अंगठ्याएवढाही जाड नाही, त्याला हा नियम लावणे म्हणजे रांगत्या मुलास एकादशी घडविण्यासारखे आहे. आपल्याकडील बहुतेक हौशी लोकांची झाडे याच वयाची असतात, आणि नेमकी त्यांनाच ही एकादशी घडते.

गोंधळ वाढविणारे दुसरे कारण म्हणजे पुस्तके. एक पुस्तक सांगते, आठवड्यास एकदा खत द्यावे; दुसरे सांगते, वर्षातून दोनतीनदा पुरे. वाचक बुचकळ्यात पडतो आणि दोन्हींच्या मधला आकडा धरतो. वस्तुतः दोन्ही पुस्तके आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण दोहोंच्या कुंड्यांतली माती एक नाही. जपानात कांतो प्रदेशातील ज्वालामुखीजन्य दाणेदार माती, जिला ‘अकादामा’ म्हणतात, ती आणि सच्छिद्र प्युमिस दगडाची खडी यांचे मिश्रण वापरतात. त्यात पाणी थांबत नाही आणि स्वतःचे असे पोषणही नगण्य असते. तेथे खत वरचेवर द्यावेच लागते. याउलट जुन्या पद्धतीच्या मिश्रणात पोयटा, कुजलेला पालापाचोळा आणि शेणखत भरपूर असे. भारतात लाल माती, शेणखत, वाळू आणि विटांचा चुरा असे मिश्रण अजूनही पुष्कळ ठिकाणी चालते. त्यात पहिले काही महिने खताची बेगमी आधीच झालेली असते. अशा कुंडीस जपानी मापाने खत घातले तर ते अति होईल, आणि नुसत्या विटांच्या चुऱ्यातल्या झाडास जुन्या पुस्तकाप्रमाणे वर्षातून दोनदा दिले तर ते उपाशी मरेल. उपदेश एका भाषेतून दुसऱ्या भाषेत सहज येतो. तो ज्या मातीसाठी लिहिला होता, ती मात्र त्याच्याबरोबर येत नाही. म्हणून खताचे कोणतेही माप वाचताना ते कोणत्या मिश्रणासाठी सांगितले आहे, हे आधी शोधावे. पुस्तकात ते दिलेले नसेल, तर ते माप सोडून द्यावे.

आता खताच्या निवडीविषयी. या विषयावर जितकी चर्चा होते तितके त्याचे महत्त्व नाही, असे स्पष्ट म्हणावयास हवे. बाजारात वामनवृक्षाचे चित्र छापलेल्या लहान डब्या मिळतात. त्यांतले द्रव्य वाईट असते असे नाही; पण तेच नत्र, तेच स्फुरद आणि तेच पालाश साध्या पिशवीत पुष्कळ स्वस्त मिळते, आणि चित्राचे पैसे झाडाच्या कामी येत नाहीत. पिशवीवरचे आकडे मात्र वाचता आले पाहिजेत. १९:१९:१९ असे लिहिलेले असेल तर वजनात १९ टक्के नत्र आहे, हे सरळ आहे. पुढचे दोन आकडे मात्र स्फुरद आणि पालाश यांच्या ऑक्साइडांचे असतात, ही जुनी वहिवाट आहे. प्रत्यक्ष मूलद्रव्य म्हणून पाहिले तर त्यात स्फुरद सुमारे ८ टक्के आणि पालाश सुमारे १६ टक्केच निघते.

पेंडींचा मार्ग आपल्या देशास नवा नाही. मोहरीची पेंड उत्तरेत आणि बंगालमध्ये, शेंगदाण्याची दक्षिणेत, निंबोळीची आणि एरंडीची जवळजवळ सर्वत्र मिळते. शेंगदाणा पेंडीत नत्र सुमारे ७ टक्के, मोहरीच्या आणि निंबोळीच्या पेंडीत सुमारे ५, एरंडीच्या पेंडीत ४ टक्क्यांच्या थोडे वर असते. स्फुरद आणि पालाश यांचे प्रमाण साधारण एक ते दोन टक्क्यांच्या घरात राहते. पेंडीतले नत्र प्रथिनांत अडकलेले असते. सूक्ष्मजंतू त्याचे अमोनियम करतात, मग दुसरे सूक्ष्मजंतू अमोनियमचे नायट्रेट करतात, आणि तेव्हा ते मुळांच्या खऱ्या उपयोगी पडते. ऊब वाढली की जंतूंचे काम वाढते, आणि ऊब वाढली की झाडाची भूकही वाढते. पुरवठा आणि मागणी यांचा हा मेळ आपोआप जमतो, यातच पेंडीचा खरा गुण आहे. तिच्यात काही गूढ जीवनशक्ती असते म्हणून नव्हे. तिचे अवगुणही तितकेच खरे. ती मातीवर सैल टाकली तर पावसाळ्यात तिचा चिखल होऊन मातीची छिद्रे बुजतात, मुंग्या लागतात, उंदीर येतात. मलमलीच्या चिंधीत तिची लहान पुरचुंडी बांधून मातीवर ठेवली, तर हा त्रास बराच कमी होतो आणि खत थांबवावयाचे तेव्हा ती उचलूनही घेता येते. एरंडीच्या पेंडीत रायसिन हे जहाल विष असते. ज्या घरात लहान मूल किंवा कुत्रे आहे, तेथे ती गच्चीवरच्या कुंडीत ठेवूच नये. कुत्री हाडांच्या चुऱ्याच्या वासानेही पेंडीकडे ओढली जातात.

विद्राव्य रासायनिक खताचा गुण म्हणजे नेमकेपणा. १९:१९:१९ चा चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, दहा लिटर पाण्यात विरघळविला तर दर लिटरात ९५ मिलिग्रॅम नत्र येते. वाढीच्या हंगामात दाणेदार, निचऱ्याच्या मातीतल्या झाडास आठवड्यातून एकदा हे पाणी तळातून बाहेर पडेपर्यंत द्यावे. तरुण झाडास ते पुरते. ज्या झाडाची घडण पुरी झाली आहे, त्याला याच्या निम्म्याने भागते. याच नेमकेपणाचा दुसरा पैलू असा की, चूक झाली तर तीही नेमकी आणि तात्काळ होते. ‘चिमूटभर युरिया’ हा शब्दप्रयोग बागांतून फार ऐकू येतो. युरियात ४६ टक्के नत्र असते. ज्या उथळ कुंडीतल्या मातीत अर्धा लिटर पाणी मावते, तीत पडलेला दोन ग्रॅम युरिया दर लिटरामागे १,८०० मिलिग्रॅमांहून अधिक नत्राचे द्रावण करतो. वर सांगितलेल्या द्रावणाच्या ते जवळजवळ वीसपट झाले. कैरीच्या फोडींना मीठ लावले की त्यांना पाणी सुटते, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. मुळांभोवती क्षारांचे प्रमाण वाढले की तेच मुळांचे होते. पाण्याने भिजलेल्या मातीत झाड तहानेने सुकते, पानांच्या कडा करपतात. असे घडल्यास भरपूर साधे पाणी कुंडीतून वाहू देणे हाच उपाय आहे.

फुलांसाठी स्फुरद अधिक असलेले खत निराळे घ्यावे, ही जाहिरातीतून पसरलेली आणखी एक कल्पना. सुदृढ वनस्पतीच्या सुक्या वजनात सरासरीने नत्र दीड टक्का, पालाश एक टक्का आणि स्फुरद केवळ ०.२ टक्का भरते. झाडाला स्फुरद मुळातच थोडे लागते. ते अवाजवी दिल्याने लोहाचे शोषण अडते, आणि पाइनसारख्या झाडांच्या मुळांशी सहजीवन करून त्यांना स्फुरदच मिळवून देणारी कवके मंदावतात. बोगनवेल फुलत नसेल तर बहुधा तिला ऊन कमी पडत असते.

सर्वांत दुःखद चूक मात्र प्रेमापोटी होते. झाड मलूल दिसले की मालक त्याला औषध म्हणून खत देतो. खत हे औषध नाही. मुळे कुजलेली असतील, कुंडीचा निचरा तुंबला असेल, किंवा नुकतीच मुळे छाटून माती बदलली असेल, तर शोषणारे मूळच जाग्यावर नसते. अशा वेळी घातलेले खत मातीतले क्षार तेवढे वाढविते. माती बदललेल्या झाडास नवी फूट दिसेपर्यंत काही आठवडे नुसते पाणी पुरे.

पान पिवळे पडले तर ते कोणते पान आहे, हे आधी पाहावे. नत्राची उणीव असेल तर झाड जुन्या पानांतले नत्र काढून नव्या फुटींकडे नेते, म्हणून पिवळेपणा खालच्या, जुन्या पानांपासून सुरू होतो. कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या असे दिसले, तर उणीव बहुधा लोहाची असते. दख्खनच्या पठारावर विहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड, चुन्याचे असते. ते वर्षभर घातल्याने कुंडीतली माती अल्कधर्मी होते आणि तीत लोह असूनही ते विरघळत नाही. असे झाड उपाशी समजून त्याला १९:१९:१९ कितीही दिले तरी पाने हिरवी होत नाहीत. पावसाचे पाणी साठवून घालणे, किंवा पाण्यात सुटे राहणारे, चिलेट स्वरूपातील लोह देणे, हा तेथे उपाय आहे.

उरला प्रश्न ऋतुमानाचा. जपानातील वेळापत्रक तेथील हिवाळ्याभोवती आखलेले आहे. आपला वड, उंबर किंवा पिंपळ ते पाळीत नाही. दिल्लीकडे डिसेंबर-जानेवारीत ही झाडे थबकतात, तेव्हा खत थांबवावे. केरळात आणि कोकणात ती जवळजवळ बारमाही वाढत असतात, तेथे पूर्ण बंद करण्याचे कारण नाही. फाल्गुन-चैत्रातली पालवी आणि पावसाळ्यातली वाढ हे आपले दोन मुख्य हंगाम होत. मुसळधार पावसाच्या दिवसांत विरघळलेले खत दिले तर ते गटारात जाते. त्या काळात पेंडीची पुरचुंडी ठेवावी, किंवा उघडीप पाहून पाणी द्यावे तसे खत द्यावे. पारा ४० अंशांवर गेला असता मात्रा कमी करावी, आणि सुकलेल्या मातीवर तर खताचे पाणी केव्हाही ओतू नये. आधी साधे पाणी, मग खताचे.

ज्या शाळांना थोडी जागा आणि एक इमानी विद्यार्थी उपलब्ध आहे, त्यांनी उपासमारीचा प्रश्न स्वतःच पडताळून पाहावा. पावसाळ्यात कडुनिंबाखाली उगवलेली एकसारख्या उंचीची आठ रोपे उचलून, धुतलेली वाळू आणि विटांचा चुरा यांनी भरलेल्या आठ सारख्या कुंड्यांत लावावी. रोपांनी धर धरली म्हणजे चार कुंड्यांना केवळ पाणी आणि चार कुंड्यांना आठवड्यातून एकदा वर सांगितलेले द्रावण द्यावे. ऊन सर्वांना सारखे मिळेल असे पाहावे. दर रविवारी उंची, पानांची संख्या, दोऱ्याने मोजलेला खोडाचा घेर आणि पिवळेपणा प्रथम कोणत्या पानावर आला, हे वहीत टिपावे. तीन महिन्यांनी आठही रोपांचे शेंडे एकाच दिवशी, उरलेल्या खोडावर सारखीच पाने राखून छाटावे. त्यानंतरच्या महिन्यात कोणत्या रोपास किती नव्या फुटी आल्या, ही नोंद या प्रयोगातली सर्वांत महत्त्वाची नोंद होय. उपाशी रोपे लहान राहिलेली दिसतीलच. ती वामनवृक्ष होण्याच्या वाटेवर आहेत की मरण्याच्या, हे फुटींच्या संख्येवरून विद्यार्थ्यांनी ठरवावे. प्रयोग संपला की त्या चार रोपांनाही खत सुरू करावे, मात्र पहिले दोन आठवडे अर्ध्या मात्रेने.